कलौंजी घरात आहे, पण घ्यायची कशी?

कलौंजीचं, म्हणजे नानवर असतात त्या काळ्या दाण्यांचं, नाव काढलं की मुसलमान घरात कोणीतरी लगेच म्हणणारच, मौत सोडून सगळ्यावर इलाज आहे, आणि तेवढं एकच वाक्य धरून लोक मग काय वाट्टेल ते करतात. आमच्या मामूंनी एकदा तेलाची बाटली आणली आणि अनशापोटी सरळ दोन मोठे चमचे घशात ओतले, का तर मोबाईलवर तसा मेसेज आला होता. दिवसभर छातीत आग, करपट ढेकरा, जेवण नको. नानी म्हणाली, अरे सात दाण्यांची दवा ती, तू चमच्याने पितोस होय?

नानीचे ते सात दाणे उगाच नव्हते बरं का. सहीह बुखारीत, म्हणजे हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या) नावाजलेल्या संग्रहात, किस्सा आहे, काही लोक प्रवासाला निघालेले, वाटेत गालिब बिन अबजर आजारी पडले, मदिन्याला पोचले तरी बरे नव्हते, तेव्हा इब्न अबी अतीक बघायला आले आणि म्हणाले हे काळे दाणे वापरा, पाच किंवा सात घ्या, कुटा, तेलाच्या थेंबांबरोबर दोन्ही नाकपुड्यांत टाका. आणि मग त्यांनी पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांकडून ऐकलेलं सांगितलं, की पैगंबर (स.) म्हणाले या काळ्या दाण्यात साम सोडून प्रत्येक आजारावर शिफा (आराम) आहे, आणि साम म्हणजे मौत. म्हणजे बघा, ज्या हदीसचा आधार घेऊन लोक बाटल्या रिकाम्या करतात त्याच हदीसमध्ये माप दिलंय, पाच-सात दाणे!

"प्रत्येक आजार" याचा अर्थ जुन्या आलिम लोकांनी, म्हणजे धर्माच्या जाणकारांनी पण डोळे झाकून लावलेला नाही. हदीसचे जुने अभ्यासक खत्ताबी म्हणायचे की शब्द मोठा असला तरी रोख थंडीने, ओलाव्याने, बलगमने (कफाने) होणाऱ्या आजारांकडे आहे. पैगंबरांच्या औषधोपचारांवर लिहिणारे आलिम इब्न कय्यिम (१२९२ ते १३५०) यांनी छान दाखला दिलाय, कुरआनात एका वादळाबद्दल आलंय की ते सगळं काही उद्ध्वस्त करतं, पण त्याचा अर्थ उद्ध्वस्त होण्यासारखं जे होतं ते सगळं. तसंच हे. त्यांच्या हिशोबाने कलौंजीचा मिजाज (प्रकृती) तिसऱ्या दर्जात, म्हणजे चांगलाच, गरम आणि खुश्क (कोरडा), म्हणून सर्दी, कफ, पोटातला वारा, गारठ्याने धरलेलं अंग अशा "थंड" तक्रारींवर ती चालते, आणि गरम तक्रारींवर द्यायचीच तर दुसऱ्या कशात तरी मिसळून. हे एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात, कारण ज्याला आधीच ॲसिडिटी आहे, तोंड आलंय, अंगात कडकी आहे त्याला नुसती कलौंजी म्हणजे आगीत तेल.

आता आधी दाणा ओळखा, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. अरबीत हब्बतुस्सौदा, मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) हब्बतुल बरका म्हणजे बरकतीचा दाणा, फारसीत सियाहदाना, हकिमी (युनानी वैद्यकाच्या) पुस्तकांत शोनीज, तुर्कीत चोरेक ओतू, ही सगळी एकाच झाडाची नावं, शास्त्रीय नाव नायजेला सटायव्हा. मराठीत मात्र काळं बी दिसलं की काहीही म्हणतात. काळे तीळ वेगळे, ते चपटे आणि गुळगुळीत. कारळे वेगळे, ते लांबट आणि चकचकीत. शहाजिरं वेगळं. कडू जिरं तर फारच वेगळं, ते जंतावरचं कडूजहर औषध आहे, त्याच्यात आणि हिच्यात गल्लत करू नका. आणि कांद्याचं बी, हे दिसायला इतकं जवळ की इंग्रजीत कलौंजीलाच कांद्याचं बी म्हणायची वाईट सवय लागलीये. कलौंजीचा दाणा तीन कोनांचा, खरखरीत, चमक नसलेला, आत पांढुरका. तळहातावर चार दाणे घेऊन अंगठ्याने रगडा, ओवा आणि मिरीच्या मधला काहीतरी तिखट वास आला पाहिजे, आणि ठेचलेला दाणा पांढऱ्या कागदावर दाबला की तेलाचा डाग पडला पाहिजे कारण दाण्यात ३० ते ४० टक्के तेलच असतं. वास नाही, डाग नाही, तर ते कांद्याचं बी किंवा फार जुना माल.

एक मात्र सांगते, पूड विकत आणू नका. हिचा जो गुण आहे तो उडून जाणाऱ्या तेलात आहे (त्यातला मुख्य घटक थायमोक्विनोन) आणि दळलं की तो उडायला लागतो, शिवाय पूड लवकर खवट होते. अख्खे दाणे काचेच्या बरणीत अंधारात ठेवायचे आणि लागेल तसे, फार तर आठवड्यापुरते, खलबत्त्यात कुटायचे. मिक्सर चालतो पण एक-दोन झटकेच द्या, गरम होऊ देऊ नका. लोखंडी तव्यावर काळपट धूर येईपर्यंत भाजणारे लोक बघितलेत मी, मग काय उरतं त्यात? पोट नाजूक असेल तर मंद आचेवर अर्धा मिनिट नुसती कोमट करा, वास सुटला की उतरवा.

सगळ्यात जुना आणि सोपा प्रकार म्हणजे शहदबरोबर. मधाबद्दल कुरआनात सूरह नहलमध्ये स्वतंत्र आलंयच की त्यात लोकांसाठी शिफा आहे, त्यामुळे दोन्ही एकत्र घ्यायची रीत मुसलमान घरांतून पार मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत सापडते. करायचं असं, पाव छोटा चमचा ताजी कुटलेली कलौंजी, एक छोटा चमचा मध, नीट कालवून चाटायचं आणि वर कोमट पाणी. वेळ बहुतेक घरांत सकाळची, अनशापोटी, आमची नानी त्याला निहार मुँह म्हणते, पण ज्यांना जळजळ होते त्यांनी नाश्त्यानंतर घ्या, त्याने सुन्नत (पैगंबरांची रीत) मोडत नाही. बिस्मिल्लाह म्हणून घ्यायचं, शिफा देणारा अल्लाह आहे दाणा नाही, ही समज त्यात आहे. आठवडाभर एवढंच घेऊन बघा, काही त्रास नाही झाला तर अर्ध्या चमच्यापर्यंत जा. आजकालच्या अभ्यासांमध्ये लोकांना बहुतेक करून दिवसाला १ ते ३ ग्रॅम दिली जाते, सपाट छोटा चमचा भरून म्हणजे साधारण तेवढंच होतं, त्याच्या पुढे जायचं काही कारण नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, म्हणजे हे मिश्रणही नाही, कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी.

सर्दीसाठी माझा आवडता प्रकार पुरचुंडीचा, हा पण इब्न कय्यिमांनी लिहून ठेवलाय. दोन छोटे चमचे दाणे जरा कोमट करायचे, भरड कुटायचे, पातळ सुती फडक्यात बांधायचे आणि दिवसभर अधूनमधून हुंगायचं. नाक चोंदलेलं असताना पाचेक मिनिटांत मोकळं वाटायला लागतं, रात्री उशाशी ठेवलं तरी चालतं, वास कमी झाला की पुरचुंडी बोटांनी चुरायची म्हणजे परत दरवळ येतो. लहान मुलांच्या नाकाला एकदम चिकटवू नका, डोळ्यांत पाणी येईल इतकी तिखट असते.

नाकात थेंब टाकायचा प्रकार तर वर सांगितलाच, शिवाय तिर्मिजी या दुसऱ्या हदीस-संग्रहात कतादा या जुन्या आलिमांची पद्धत आहे, ते रोज २१ दाणे फडक्यात बांधून पाण्यात भिजवायचे आणि त्या पाण्याचे थेंब नाकात घ्यायचे, पहिल्या दिवशी उजवीकडे दोन डावीकडे एक, दुसऱ्या दिवशी उलट, तिसऱ्या दिवशी परत पहिल्यासारखं. माहिती म्हणून खूप सुंदर आहे, पण तुम्ही घरी करू नका असंच मी म्हणेन, विशेषतः तेलाचं. तेल नाकातून श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनियासारखा त्रास होऊ शकतो, आणि घरातलं भिजवलेलं पाणी काही निर्जंतुक नसतं. पुरचुंडीने तेच काम होतंय ना मग.

दाढ ठणकत असेल तर सिरका, म्हणजे व्हिनेगर. एक छोटा चमचा दाणे, अर्धा कप सिरका, अर्धा कप पाणी, पाच मिनिटं उकळू द्या, कोमट झाल्यावर गाळून चूळ भरा, अर्धा मिनिट तोंडात धरा आणि थुंका, गिळू नका. इब्न कय्यिमांच्या पुस्तकात नुसता सिरका आहे पण दातांच्या वरच्या थराला आंबट चांगलं नाही म्हणून पाणी मी घालते, आणि दिवसातून दोनदाच. हा डेंटिस्टकडे जाईपर्यंतचा आधार आहे, किडलेली दाढ याने बरी होत नाही.

पोट फुगणं, गॅस, जड जेवण यावर नुसता काढा पुरतो. अर्धा छोटा चमचा ठेचलेले दाणे, कपभर उकळतं पाणी, झाकण ठेवून दहा मिनिटं, झाकण महत्त्वाचं, नाहीतर सगळा वास खोलीत आणि कपात नुसतं काळं पाणी. गाळून घोट घोट प्यायचं. सोबत चार दाणे बडीशेप टाकली तर कडवटपणा बराच मरतो.

तेलाचं जरा सविस्तर सांगते कारण पैसे त्याच्यातच वाया जातात. तेल घाण्याचं, थंड दाबाने काढलेलं हवं, रंग गडद तांबूस, वास झणझणीत आणि जिभेवर थेंब ठेवला की घशाच्या मागे चुरचुरलं पाहिजे. पाण्यासारखं फिकट आणि बिनवासाचं असेल तर त्यात दुसरंच तेल जास्त आहे. घरी करायचं तर खरं तेल निघत नाही, पण मुरवलेलं तेल होतं: दोन चमचे भरड कलौंजी, अर्धी वाटी जैतूनचं (ऑलिव्हचं) तेल, काचेच्या बाटलीत दोन आठवडे अंधारात, रोज एकदा हलवायची, मग गाळायचं. भांडी, बाटली, दाणे सगळं खडखडीत कोरडं पाहिजे. हे गुडघ्याला, पाठीला, खोकल्यात छातीला चोळायला उत्तम, केसांच्या मुळांनाही लावतात. पण आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस थांबा, हिच्यामुळे काहींच्या कातडीला लाल चट्टे, फोड येतात, आणि शुद्ध तेल असेल तर कधीच नुसतं लावायचं नाही, एक भाग हे आणि चार-पाच भाग जैतून किंवा खोबरेल. पोटात घ्यायचं तर पाव ते अर्धा छोटा चमचा, जेवणानंतर, मधात. मामूंचे दोन मोठे चमचे आठवा.

आणि खरं सांगू का, जिथे ही परंपरा जिवंत आहे तिथे लोक कलौंजी दवा म्हणून कमी आणि जेवणात जास्त खातात. तुर्कस्तानात रमजानच्या पिदे रोटीवर तीळ आणि चोरेक ओतू भुरभुरतात, नानवर आपण बघतोच, लोणच्याच्या मसाल्यात असते, आणि पॅलेस्टाईनमधल्या नाबलुसला तर दाणे भाजून दळून काळाकुळीत लगदा करतात, किजहा म्हणतात त्याला, त्याचा गोड केक होतो. एवढ्या खाण्याने कोणाला काही होत नाही, म्हणून ज्यांना औषधाच्या मापाने घेणं जमत नाही त्यांनी पिठात चिमूटभर मळा आणि खुशाल खा.

औषधाच्या मापाने कोणी घ्यायची नाही ते मात्र नीट वाचा. गरोदर बाईने नाही, कारण हकिमी पुस्तकांत हिला मासिक पाळी आणणारी म्हणून लिहिलंय. बाळंतिणीला दूध वाढायला देतात ती जुनी रीत आहे, पण स्वयंपाकातल्या मापात ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ही पण साखर थोडी उतरवते, दोन्ही मिळून चक्कर येईपर्यंत खाली जाऊ शकते, बीपीच्या गोळ्यांचंही तसंच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नको. ऑपरेशन ठरलंय तर निदान दोन आठवडे आधी बंद. किडनीचा त्रास किंवा कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, लपवून घेऊ नका. शुगर, बीपी, नाकाची ॲलर्जी यांवर संशोधन झालंय आणि थोडाफार फायदा दिसलाय, पण थोडाफारच, गोळी बंद करून कलौंजी सुरू करण्याइतका नाही. हदीसमध्येच आलंय की इलाज करत जा, अल्लाहने दवा नसलेला आजार ठेवलेला नाही (म्हातारपण सोडून), म्हणजे डॉक्टरची गोळी पण त्या इलाजातच येते की. आणि इब्न कय्यिमांनी कलौंजीचं इतकं कौतुक करून शेवटी हेही नोंदवलंय की काही लोकांच्या मते ही फार खाल्ली तर जीवघेणी ठरते.

बरणीतले दाणे वर्ष-दीड वर्षाने वास सोडतात, तेव्हा ते पोटात घेऊ नका पण फेकूही नका. निखाऱ्यावर चिमूट चिमूट टाकून धुनी द्या, किडामुंगी पळते असं जुन्या पुस्तकात आहे, खिडकी तेवढी उघडी ठेवा आणि दम्याचं माणूस असेल तर त्याला आधी बाहेर बसवा.