एकच भाषण महिनाभर: थोर वक्त्यांकडून शिकण्याची रीत

उत्तम वक्ता व्हायचे असेल तर नामवंतांची भाषणे ऐकावीत, असे सगळेच सांगतात; परंतु दहा भाषणे ऐकून मन भारावते, कसब मात्र अंगी येत नाही. म्हणून एकच भाषण निवडावे आणि महिनाभर तेच उलगडावे, असा माझा आग्रह आहे.

सुरुवात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणापासून करावी. हाती पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक परिच्छेदाचे काम समासात एका शब्दात लिहावे: आकडे, श्रेय, आक्षेप, उत्तर, चिंता, इशारा. २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, हे सर्वांच्या तोंडी असलेले विधान भाषणाच्या अखेरीकडे येते, हे तेव्हा ध्यानात येईल. त्याआधी बाबासाहेबांनी संविधान सभेच्या कामाला लागलेल्या २ वर्षे ११ महिने १७ दिवसांचा हिशेब मांडला आहे, सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्याचे सांगून दिरंगाईचा आरोप खोडला आहे आणि मसुद्याच्या श्रेयाचा वाटा संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव व मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला आहे. इतका चोख हिशेब देणाऱ्या माणसाचा इशारा सभागृह हलक्यावारी घेऊ शकत नाही. स्वातंत्र्य टिकेल का, ही चिंताही ते मोघम ठेवत नाहीत. सिंधच्या दाहिर राजाचे सेनापती लाच घेऊन फितूर झाल्याचा दाखला देतात आणि मग विचारतात, इतिहासाची पुनरावृत्ती होईल का?

आता आपल्या स्वतःच्या भाषणाच्या टिपणाच्या समासातही तसेच शब्द लिहावेत. तीन परिच्छेदांपुढे ओळीने ‘आवाहन’ आले, तर आधाराची बाजू लंगडी आहे असे समजावे.

लय मात्र कानांनीच शिकावी लागते. त्यासाठी एकाच भाषणाच्या नियमाला तेवढा अपवाद करून अटलबिहारी वाजपेयींचे मे १९९६ मधील लोकसभेतील भाषण घ्यावे. ‘सरकारें आएँगी, जाएँगी, पार्टियाँ बनेंगी, बिगड़ेंगी, मगर ये देश रहना चाहिए’ या वाक्यात आधी चार अस्थिर क्रियापदे येतात आणि मग ‘रहना’ हे एकच स्थिर क्रियापद सारा भार पेलते. दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण कागदावर उतरवून घ्यावे आणि प्रत्येक विरामाच्या जागी तिरकी रेघ मारावी. विरामाची जागा उचलावी, लांबी उचलू नये. वाजपेयी थांबले की सभागृह वाट पाहत असे. नवखा वक्ता तितकाच थांबला, तर तो पुढचे विसरला असे श्रोत्यांना वाटते. शालेय वक्तृत्व स्पर्धांत मुले थोरांचा आवाज आणि हातवारे उचलतात, तेव्हा मला फार हळहळ वाटते, कारण त्या मुलांचा स्वतःचा आवाज तेवढ्यात झाकला जातो.

चौथ्या आठवड्यात आपल्या जिव्हाळ्याच्या विषयावर, मग तो सोसायटीच्या पाण्याचा प्रश्न का असेना, घरातल्या दोघांपुढे पाच मिनिटे उभे राहून बोलावे. दुसऱ्या दिवशी त्यांना इतकेच विचारावे की कोणते वाक्य आठवते. ज्या वाक्यासाठी सारी मांडणी केली ते सोडून भलतेच आठवले, तर पुन्हा पेन्सिल घेऊन समासाकडे वळावे.