सोलापुरातलं जड पाणी: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

सोलापुरात बऱ्याच घरांत दोन तऱ्हेचं पाणी वापरात असतं. एक नळाचं. ते उजनीहून शंभरावर किलोमीटरच्या जलवाहिनीतून येतं, नाहीतर भीमेवरच्या टाकळीहून किंवा हिप्परग्याच्या तलावातून, आणि तेही काही दिवसांआड. दुसरं बोअरचं. काळ्या खडकाच्या भेगांतून मुरताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात, म्हणून ते सहसा नळाच्या पाण्यापेक्षा जड असतं. नळाला पांढरी खपली धरते, केस राठ होतात, तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही टचटचीत राहते. हा त्रास पाण्याचा आहेच, पण त्यातला बराचसा वाढतो तो आपण या दोन पाण्यांची गल्लत करतो म्हणून.

एकाच टाकीत दोन्ही पाणी

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नळ आला त्या दिवशी गच्चीवरची टाकी भरली, दोन दिवसांनी ती निम्म्यावर आली की त्यातच बोअरची मोटर सोडली. मग गिझर, सोलर, वॉशिंग मशीन, स्वयंपाकघर, सगळीकडे जड पाणी पोचतं.

जागा असेल तर वर दोन टाक्या ठेवा आणि प्लंबरकडून लाइन वेगळी काढून घ्या. एकदाच खर्च होतो, पण पुढची कितीतरी दुरुस्ती वाचते. भाड्याच्या घरात हे जमत नसेल तर निदान वाटणी ठरवा. पिणं, स्वयंपाक, आंघोळीचं गरम पाणी आणि कपड्यांची शेवटची खळबळ यासाठी नळाचं पाणी. संडास, फरशी, अंगण यासाठी बोअरचं. बोअरचं पाणी बादलीने घ्यावं लागलं तरी चालेल, पण गिझरच्या टाकीत ते जाऊ देऊ नका.

टीडीएस मीटरवर विसंबणं

फिल्टर विकायला आलेला माणूस मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि आपण घाबरतो. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज असतो, त्यात साधं मीठसुद्धा आलं. जडपणा म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत मुभा आहे. टीडीएससाठी हेच आकडे 500 आणि 2000 असे आहेत. दोन्ही आकडे वेगवेगळे मागा.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर एका बाटलीत नळाचं आणि दुसरीत बोअरचं पाणी अर्धं भरा, दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका आणि जोरात हलवा. कमी जड पाण्यात फेस टिकेल. जास्त जड पाण्यात फेस बसून वर दह्यासारखा साका तरंगेल. कपड्यांवर आणि अंगावर चिकटतो तो हाच साका. नक्की आकडा हवा असेल तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, बोअरचं तर उन्हाळ्यात पाणी खोल गेल्यावर पुन्हा एकदा.

तुरटी फिरवली म्हणजे झालं, असं समजणं

तुरटीने गढूळपणा खाली बसतो. क्लोरीनच्या थेंबांनी जंतू मरतात. जडपणा या दोन्हींनी जात नाही. उकळल्याने मात्र काही भाग जातो. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उष्णतेने चुनखडी होऊन खाली बसतो. पातेल्याच्या बुडाशी दिसणारा पांढरा थर तोच. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला जडपणा उकळूनही तसाच राहतो.

गिझर बंद पडेपर्यंत वाट पाहणं

पातेल्यात जे होतं तेच गिझरमध्ये रोज होतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही. कॉइलवर चुन्याचा थर चढतो, उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल स्वतःच तापून जळते. त्याआधी गिझर बोलून सांगतो: चालू केल्यावर आतून चरचर, कडकड असा आवाज येऊ लागतो. तो ऐकू आला की मेकॅनिकला बोलवाच. झाकण उघडलं की कॉइल ओळखू येत नाही. तिच्यावर बोटभर जाड, खडबडीत पांढरं कवच असतं आणि टाकीच्या तळाशी त्याच्या कपच्यांचा ढीग. हातोडीने ठोकून ते काढू देऊ नका, कॉइलला चीर जाते आणि मग पाण्यात करंट उतरण्याची भीती. सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून त्यात कॉइल बुडवून ठेवली की थर आपोआप सुटतो. त्याच वेळी टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा रॉड झिजलाय का ते बघा, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तर हमखास तपासून घ्या. क्षाराने तो जाम झाला की टाकीतला दाब बाहेर पडायला वाट राहत नाही.

तापमान 55 अंशांच्या आसपास ठेवलं तर थर सावकाश चढतो. सोलरच्या काचेच्या नळ्यांतही हाच चुना साठतो, म्हणून बोअरचं पाणी सोलरला देऊ नये.

डाग दिसला की ॲसिड

बाटलीतलं संडासाचं ॲसिड ओतलं की पांढरा डाग फेसाळत जातो आणि समाधान वाटतं. पण ते नळाचा चकाकता मुलामाही खातं आणि टाइलच्या सांध्यातलं सिमेंटही. सोलापुरातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा असतो. हे दोन्ही दगड मुळात चुनखडीचेच. त्यांच्यावर ॲसिड पडलं तर डागाबरोबर दगडही विरघळतो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढचा क्षार तिथे जास्त घट्ट बसतो. व्हिनेगर आणि लिंबूसुद्धा या दगडांवर नको. तिथे रोज पाणी टिपून घेणं हाच उपाय.

शॉवर किंवा नळाच्या तोंडाला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. आणि एक गोष्ट जिवावरची: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फार लवकर कोंडतो.

आरओचं सोडलेलं पाणी कूलरमध्ये

पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली, विशेषतः आपल्यासारख्या शहरात. पण आरओ ज्या पाण्यातून क्षार काढतो ते क्षार या सोडलेल्या पाण्यात एकवटतात. ते संडासात ओता. कूलरमध्ये, झाडांना, मशीनमध्ये नको. नळाच्या पाण्याचा टीडीएस 500 च्या आत असेल तर आरओची गरज आहे का, हेही तपासा. जंतूंसाठी साधा फिल्टर आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) बहुधा पुरेसा असतो.

सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवला असेल तर त्यात वेळेवर मीठ टाकत राहा, नाहीतर आतलं रेझिन थकतं आणि जड पाणी तसंच पुढे जातं. सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्यात सोडियम वाढलेलं असतं, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी ते पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

मुतखड्याच्या भीतीने पाणीच कमी पिणं

जड पाण्याने मुतखडा होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पाणी कमी पिण्याने मात्र धोका नक्की वाढतो, आणि इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर फारच. मचूळ चवीमुळे घरातली म्हातारी माणसं पाणी टाळतात. त्यांच्यासाठी नळाचं पाणी वेगळं माठात भरून ठेवा. डाळही त्याच पाण्यात भिजवा आणि शिजवा. सोडा घालायचाच तर चिमटीभर, जास्त सोड्याने डाळीतलं बी-1 जीवनसत्त्व जातं.

कूलरमध्ये नुसती भर घालत राहणं

पाणी उडून जातं, क्षार खालीच राहतात. वरून भर घातली की ट्रेमधलं पाणी दिवसेंदिवस जड होत जातं आणि पॅड दगडासारखं कडक होतं. त्यातून हवा जात नाही आणि आपण पंख्याला दोष देतो. दोन-तीन दिवसांनी ट्रे पूर्ण रिकामी करा, आठवड्यातून एकदा घासून कोरडी होऊ द्या. डासांच्या अळ्याही त्याने मरतात. पॅड कडक होऊन चुरा पडू लागला तर नवं घाला, आणि पंपाची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवा.