दमलेल्या माणसाने खावं काय आणि रांधावं कधी

मी मिरजेत खानावळ चालवते. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले, केसही परत आले. पण कणीक मळायला घेतली की अर्ध्यावर हात गळायचे. दुपारी झोप काढली तरी फरक नाही. हा थकवा असाच असतो. विश्रांतीने जात नाही, आणि उपचार संपल्यावर काहींना महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षंही पुरतो. त्यावर खाण्याचं काय करायचं ते लिहिते. दिवसाला शंभरावर ताटं वाढणाऱ्या बाईला एवढं तरी कळायला हवं.

स्वयंपाकघराच्या आधी लॅब. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि साखर या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषांचं १३ च्या खाली असेल तर त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात. पण तो लोहाच्या कमतरतेनेच झालाय असं नाही, म्हणून शेजारणीच्या लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. पोटाचं ऑपरेशन होऊन जठर काढलेल्यांना बी-१२ बहुधा इंजेक्शननेच घ्यावं लागतं. आणि तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरसाठी मानेला रेडिएशन घेतलेल्यांनो, थायरॉइड उपचारानंतर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीसुद्धा मंदावू शकतो. तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, अधूनमधून करत राहा. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. हे जमलं नाही तर कितीही पौष्टिक खा, अंग जडच राहणार.

आता ताट. आपल्याकडे पेशंट म्हटलं की शिरा, तूप, काजू-बदाम. माणसं प्रेमाने आणतात. पण स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारात पुष्कळ बायकांचं वजन वाढतं आणि स्नायू मात्र झडतात. काटा पुढे सरकला म्हणजे ताकद आली असं नाही. स्नायूंना प्रथिनं लागतात. वजनाच्या दर किलोला रोज साधारण १ ते दीड ग्रॅम प्रथिनं असावीत, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेचं कॅन्सरच्या रुग्णांसाठीचं मार्गदर्शन आहे. मी मधला १.२ चा आकडा धरते. ६० किलोच्या माणसाला झाले ७२ ग्रॅम.

७२ ग्रॅम ऐकून घाबरायला होतं, पण मांडून बघा. सकाळी दोन-तीन मुगाची धिरडी, ६० ग्रॅम मुगाची: १४. दुपारी ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ: ११-१२. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी: १०. वाटीभर दही: ५. चारच्या सुमारास मूठभर शेंगदाणे: ७. पेलाभर दूध: ६. रात्री शंभर ग्रॅम पनीर किंवा मासा: १८. झाले की! सोयाबीन, अंडी चालत असतील तर आणखी सोपं. एकाच जेवणात सगळं कोंबू नका, दिवसभर विभागून खा. किडनीचा त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांशी बोलल्याशिवाय धरू नका.

पालेभाज्या, फळं, अख्खी धान्यं आणि ओमेगा-३ (एक चांगली चरबी) असलेले पदार्थ यांचा खास आहार मिशिगन विद्यापीठाने स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या ३० बायकांवर तपासला. २०१७ मध्ये तो अभ्यास छापून आला. तीन महिन्यांत त्या आहारावरच्या बायकांचा थकवा तो आहार न घेणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाला. ३० म्हणजे मूठभरच, पण त्यात घातक काही नाही, मग करायला काय हरकत? आपल्याकडे चाकवत आहे, अंबाडी आहे, बांगडा आहे. शाकाहारी असाल तर जवस. जवस भाजून कुटायचे, अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात. कारळ्याची चटणी मला जास्त आवडते, पण ओमेगा-३ जवसात आहे. उसळीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा.

खरा घोळ पुढे आहे. थकवा असला की चूल पेटवायचा कंटाळा येतो, मग चहा-बिस्किटावर भागवायचं, आणि त्याने थकवा आणखी वाढतो. म्हणून चार दिवस वहीत लिहा, दिवसातल्या कुठल्या वेळी अंगात जीव असतो. पुष्कळांना सकाळचा वेळ बरा जातो. रांधणं त्या तासात आटपायचं, भूक असो वा नसो. ओट्याशी उंच स्टूल ठेवा, भाजी बसूनच चिरा. मटकी एकदम कुकरला लावायची, गार झाली की वाट्यावाट्यांनी डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकायची. हिरवं वाटण, दाण्याचं कूट, थालीपिठाची भाजणी तयार असली की संध्याकाळी नुसतं तव्यावर टाकायचं काम उरतं. केमो चालू असेल तर मोड आलेली कडधान्यं कच्ची खाऊ नका, शिजवूनच खा. बाहेरचं कापलेलं फळही नको.

माझ्याकडे डबा असलेले एक काका आहेत, तोंडाचा कॅन्सर झालेले. रेडिएशनने लाळ आटली, जबडा जेमतेम दोन बोटं उघडतो. त्यांना भाकरी देऊन काय उपयोग? ज्वारीची आंबील, पातळ मुगाची खिचडी वरून तूप सोडून, मऊ कढीभात, दुधात मुरवलेली नाचणी. घास ओला हवा. तिखट पूर्ण बंद. आमच्या भागात हे सांगताना जीभ अडखळते, पण तोंड सोलवटलेलं असताना कांदा-लसूण मसाला म्हणजे शिक्षा.

साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो म्हणून भात, फळं सगळं बंद करणारे भेटतात. शरीर भाकरीचीही साखरच करतं. गोड बेताने खा, पण उपाशी राहून वजन घटवू नका. गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल वगैरे डॉक्टरांना न सांगता घेऊ नका. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. भाजीतली हळद खुशाल खा.

आणि थोडं चाला. नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत, आणि या थकव्यावर व्यायामाइतका पुरावा दुसऱ्या कशालाच नाही. अंगणात दहा मिनिटंही चालतील. वजन आपोआप उतरत असेल, धाप लागत असेल, ताप येत असेल किंवा थकवा एकाएकी वाढला असेल, तर आहार बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

भेटायला येणारे फोनवर विचारतात, "काय आणू?" संकोच करू नका. शिरा नको म्हणावं, मेथी आणा. निवडून, धुऊन, चिरून आणा.