साखळी फेरीचा तक्ता हातानं कसा मांडावा

फुटबॉल वर्ल्ड कपच्या साखळी फेरीचा तक्ता मोबाइलवर आयता मिळतो, तरी तो स्वतः मांडा, आणि पेन्सिलीनंच. इंदूरला रामबागेत आमच्याकडे सामने बघायला पोरं जमतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी हे सांगते. आयत्या तक्त्यात गुण दिसतात, ते कुठून आले ते डोक्यात राहत नाही.

चौकटीच्या वहीचं पान आडवं धरा. गटातले चार संघ एकाखाली एक. पुढे रकाने: सामने, केलेले गोल, खाल्लेले गोल, फरक, गुण. विजयाचे 3, बरोबरीचा 1. शेवटी पिवळ्या कार्डांसाठी, म्हणजे पंचांनी दिलेल्या ताकिदींसाठी, एक बारीक रकाना ठेवाच. 2018 ला जपान आणि सेनेगल यांचे गुण 4-4, दोघांनी गोल केले 4, खाल्लेही 4, आणि आपसातला सामना 2-2. जपानची पिवळी कार्डं 4, सेनेगलची 6. तेवढ्यावर सेनेगल घरी गेला.

गुण सारखे झाले तर आधी काय बघायचं, तो नियम पानाच्या डोक्यावर लिहा. 2022 च्या वर्ल्ड कपला गोलफरक आधी होता, 2026 ला आपसातला निकाल आधी.

आता शेवटची रात्र. गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात. 1982 ला पश्चिम जर्मनीनं ऑस्ट्रियाला 1-0 हरवलं; तेवढ्या निकालावर दोघांचंही भागतं हे त्यांना आधीच ठाऊक होतं, आणि दोघेही पुढे गेले; आदल्या दिवशीच खेळून मोकळा झालेला अल्जीरिया बाहेर पडला. हा अन्याय फार मोठा होता, 1986 पासून वेळ एकच झाली.

त्या रात्री कोरा कागद घ्या. दर गोलाला मिनिट लिहा आणि ‘आत्ता शिट्टी वाजली तर’ असा तक्ता नव्यानं मांडा. सरावाला 2022 चा ई गट घ्या; तेव्हा गटातले पहिले दोनच पुढे जात. शेवटच्या सामन्यांआधी स्पेन 4, जपान 3, कोस्टा रिका 3, जर्मनी 1. 70व्या मिनिटाला जपान स्पेनवर 2-1 आणि कोस्टा रिका जर्मनीवर 2-1. मांडून बघा: जपान 6, कोस्टा रिका 6, स्पेन 4, जर्मनी 1. स्पेन आणि जर्मनी दोघेही बाहेर! तीन मिनिटांनी जर्मनीनं बरोबरी केली, कोस्टा रिका 4 वर आला आणि गोलफरकावर स्पेन परत आत. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, तरी खोलीत एक पोरगं झोपलं नव्हतं.

जर्मनी अखेर 4-2 जिंकला, स्पेनइतकेच 4 गुण झाले, तरी बाहेर. फरक स्पेनचा +6, जर्मनीचा +1. स्पेननं पहिल्याच सामन्यात कोस्टा रिकाला 7-0 हरवलं होतं. म्हणून एकतर्फी सामन्यातला सातवा गोलही नीट लिहायचा.

2026 ला संघ 48, गट 12. प्रत्येकातले पहिले दोन, शिवाय तिसऱ्या क्रमांकाचे सर्वांत चांगले 8 पुढे. तेव्हा तिसऱ्यांसाठी बारा ओळींचा वेगळा कागद करा, आणि बाराव्या गटाचा शेवटचा सामना संपेपर्यंत त्यातलं कोणतंही नाव खोडू नका.