जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल घेताय? आधी या चुका टाळा

लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाभोवतीची लिव्हर चालवून काडतूस भरणारी रायफल, हातात आली की बहुतेक माणसं पहिलं काम एकच करतात: लिव्हर खटाखट मागेपुढे करून तो आवाज ऐकतात. काउबॉयचे सिनेमे पाहून वाढलेल्यांचा हा दोष आहे, आणि मीही त्यातलाच. पण खरेदीतली पहिली चूक इथेच होते, कारण रायफल रिकामी आहे का हे अजून कुणी पाहिलेलं नसतं.

या रायफलींत मॅगझिन बहुधा नळीखालची लांब ट्यूब असते. चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) रिकामं दिसलं म्हणजे ट्यूबही रिकामी असेल असं नाही. ट्यूबला पोचा आला असेल किंवा स्प्रिंग दमली असेल तर एखादं काडतूस आत अडकून राहतं आणि नेमकं चौथ्या-पाचव्या झटक्याला वर येतं. म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून लिव्हर पूर्ण उघडा, चेंबर बघा, काडतूस वर उचलणारा कॅरिअर बघा आणि ट्यूबच्या तोंडाशी फॉलोअर (काडतुसं मागे ढकलणारा तुकडा) दिसतोय याची खात्री करा. मगच पुढची तपासणी.

चकाकीवर जाऊ नका

रिसीव्हरच्या (मधल्या धातूच्या पेटीच्या) दोन्ही बाजूंचं ब्ल्यूइंग (धातूवरचा काळा-निळा थर) उडालंय आणि खाली पांढरं पोलाद दिसतंय, असं पाहून लोक रायफल बाजूला ठेवतात. वास्तविक ती जागा म्हणजे रायफलीचा तोल. एका हातात धरून चालताना बोटं नेमकी तिथेच पडतात. अशी रायफल वर्षानुवर्षं खांद्यावर, हातात, खोगिराला लटकून फिरलेली असते, पण झाडलेली असते मोजकीच. तिची नळी आतून लख्ख निघण्याची शक्यता चांगली असते.

मला भीती वाटते ती उलट्या मालाची. शंभर वर्षांची रायफल आणि आरशासारखी काळी? मग नळीवरची अक्षरं बघा. ती पुसट, कडा विरघळल्यासारख्या दिसल्या, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या असतील, तर पॉलिशच्या चाकावर धातू घासून नव्याने ब्ल्यूइंग केलंय. दस्त्याचं लाकूड शेजारच्या धातूपेक्षा खाली बसलं असेल तर लाकडालाही सँडपेपर लागलाय. स्क्रूंच्या खाचा चावल्यासारख्या दिसत असतील तर कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने रायफल उघडली आहे. त्याने आत काय केलं, हा पुढचा प्रश्न.

नळी पाहिली, पण तोंड पाहिलं नाही

दिवा लावून नळीत डोकावणं सगळ्यांना जमतं. नळीचं तोंड मात्र राहून जातं. विन्चेस्टर १८९४ चा रिसीव्हर मागून बंद असतो, त्यामुळे नळी साफ करायची तर सळई पुढूनच घालावी लागते. पिढ्यान् पिढ्या ती सळई तोंडाच्या कडेवर घासते, रायफलिंगचा (नळीतल्या पिळदार खाचांचा) शेवटचा इंचभर भाग झिजतो आणि नेम जातो. मार्लिन ३३६ मध्ये लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) बाहेर येतात आणि मागून सफाई करता येते. तरीही आळसाने पुढूनच सळई मारलेल्या मार्लिन कमी नाहीत. दारू आणि प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) नसलेलं डमी काडतूस उलटं करून त्याची गोळी तोंडात टेकवून बघा. गोळी जवळजवळ केसपर्यंत (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यापर्यंत) आत गेली तर झीज झाली आहे. चाचणी ढोबळ आहे, पण उपयोगी.

आतून थोडी काळपट असलेली नळी लगेच नाकारू नका, तशा नळ्याही चांगला नेम देतात. मात्र आत आडवं काळं कडं दिसलं, तर तिथे नळी फुगलेली असू शकते. तो व्यवहार तिथेच सोडा. आणखी एक: मार्लिनच्या मायक्रो-ग्रूव्ह नळीतल्या खाचा मुळातच उथळ आणि संख्येने जास्त असतात. सवय नसलेला माणूस ती झिजलेली समजतो.

डमी काडतुसांशिवाय लिव्हर चालवणं

रिकामी लिव्हर लोण्यासारखी चालते, त्यावरून काहीच ठरत नाही. चार-पाच डमी भरा आणि एकदा सावकाश, एकदा जोरात चालवा. लोडिंग गेटची (काडतुसं भरायच्या बाजूच्या झडपेची) स्प्रिंग कशी आहे, एक्स्ट्रॅक्टर (केस ओढून काढणारी आकडी) धरतोय का, केस नीट बाहेर फेकली जाते का, हे सगळं तेव्हाच कळतं.

मार्लिनमध्ये, विशेषतः १८९४ मॉडेलमध्ये, एक ठरलेलं दुखणं आहे. लिव्हरची कड कॅरिअरच्या खालच्या बाजूवर घासून तिथे चर पाडते. मग कॅरिअर हवा तितका वर राहत नाही, ट्यूबमधून सुटलेलं दुसरं काडतूस त्याच्याखाली शिरतं आणि लिव्हर ना उघडते ना मिटते. जाणकार गनस्मिथ हे दुरुस्त करतो, पण त्याचा खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

नंतर हॅमर, म्हणजे काडतूस पेटवायला आपटणारा घोडा. रिकाम्या रायफलीचा हॅमर पूर्ण ओढा आणि चापाला हात न लावता मागून अंगठ्याने दाबा. पडला तर सिअर (हॅमर अडवून धरणारा भाग) किंवा हॅमरची खाच झिजली आहे, नाहीतर हलका चाप हवा म्हणून कुणीतरी कानस चालवली आहे. हाफ-कॉकवर (हॅमर अर्धा ओढलेला असताना) चाप ओढूनही हॅमर पडता कामा नये. नंतरच्या काही अँगल-इजेक्ट (केस बाजूला फेकणाऱ्या) विन्चेस्टरमध्ये रिबाउंडिंग (आपटून आपोआप थोडा मागे येणारा) हॅमर असतो, तिथे हाफ-कॉक शोधत बसू नका. जुन्या विन्चेस्टर १८९४ चा चाप सैल खुळखुळतो, तोही दोष नव्हे. तिची लिव्हर दस्त्याला घट्ट दाबल्याशिवाय चाप सुटत नाही, ही मुद्दाम ठेवलेली सोय आहे. ती चालते का ते मात्र तपासा.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, डोळ्यांनी मोजता येत नाही. त्यासाठी गनस्मिथकडचे गेज लागतात. विकणाऱ्याकडे त्याच रायफलीतून झाडलेली केस असेल तर मागून बघा. प्रायमर बाहेर आलेला असेल, किंवा बुडाच्या थोडं वर चकाकतं कडं असेल, तर गेज लावल्याशिवाय पैसे देऊ नका.

सालाचं वेड

‘चौसष्टच्या आधीची आहे’ एवढं वाक्य ऐकून लोक खिसा मोकळा करतात. १९६४ मध्ये विन्चेस्टरने खर्च कमी करण्यासाठी उत्पादनपद्धत बदलली हे खरं. सुरुवातीच्या काळात काही भाग पत्रा ठोकून बनवलेले होते, आणि रिसीव्हरचा धातू असा की त्यावर साधं ब्ल्यूइंग नीट बसत नाही. पण गोळी झाडायला त्या रायफली उत्तम चालतात. मार्लिनचं तसंच. नळीवर ‘जेएम’ शिक्का म्हणजे जुना कारखाना. रेमिंग्टनने मार्लिन घेतल्यावर काम नॉर्थ हेव्हनहून इलियनला गेलं, आणि तिथल्या सुरुवातीच्या मालात तिरक्या साइट (नेम धरायच्या खुणा) आणि ढिलं लाकूड सर्रास सापडे. २०२० मध्ये कंपनी रुगरकडे आली. शिक्का बघा, पण हाल झालेली ‘जेएम’ आणि जपलेली नवी यांत मी नवी घेईन.

वर केस फेकणाऱ्या जुन्या विन्चेस्टर १८९४ वर दुर्बीण बसवायला रिसीव्हरला भोकं पाडलेली असतात. नेमबाजाचं त्यात काही बिघडत नाही. संग्राहकासाठी मात्र किंमत कोसळलेली असते, आणि विकणारा ते बोलत नाही.

काडतुसांबाबतचा गैरसमज

ही चूक जिवावर बेतू शकते. विन्चेस्टर १८७३ चं टॉगल-लिंक (सांध्यांच्या दुव्यांनी बंद होणारं) ॲक्शन काळ्या दारूच्या दाबासाठी होतं. .४४-४० ची जोरदार आधुनिक काडतुसं त्यात घालू नका. विन्चेस्टर १८९२ च्या रायफलींचे चेंबर नंतर कुणीकुणी .३५७ किंवा .४४ मॅग्नमसाठी बदलून घेतलेले आढळतात, आणि नळीवरचा शिक्का जुनाच राहतो. शंका आली तर चेंबरचा साचा काढून माप घ्या. ट्यूब मॅगझिनमध्ये टोकदार कडक गोळ्या तर कधीच नकोत: पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर मागच्याचं टोक टेकलेलं असतं.

लाकडात टँगच्या (रिसीव्हरच्या दस्त्यात शिरणाऱ्या पट्टीच्या) मागे बारीक भेग आहे का बघा, टँगचा स्क्रू सैल राहिल्याने ती पडते. सिरियल नंबर कागदपत्रांशी जुळवा आणि तुमच्याकडचा परवान्याचा कायदा आधी वाचा.

घासाघीस करताना एवढं लक्षात ठेवा: स्प्रिंग, पुढची साइट, लोडिंग गेट हे सगळं बदलता येतं. नळी फुगली असेल किंवा रिसीव्हरला तडा असेल, तर भाव कितीही उतरू द्या, ती घेऊ नका. आणि डमी काडतुसं घालून बघायला विकणारा नाही म्हणाला, तर कारण विचारण्यातही वेळ घालवू नका.