सिग्नलच्या वेळी फ्लोटिंग पॉइंट स्थिती जपणारा कर्नल कोड तपासताना या चुका टाळा

प्रोग्रॅम गुणाकारांच्या लांबलचक रांगेत मध्यावर असतो आणि नेमका तेव्हाच सिग्नल, म्हणजे काम मध्येच अडवणारा निरोप, येतो. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोग्रॅमची सगळी रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरमधले आकडे ठेवायचे कप्पे, प्रोग्रॅमच्याच स्टॅकवर (त्याच्या कामाच्या मेमरीत) एका फ्रेममध्ये ठेवतो, हँडलर (सिग्नल हाताळणारा प्रोग्रॅमचा तुकडा) चालवतो आणि परतताना जसंच्या तसं पुन्हा भरतो. यात चूक झाली तर बहुतेक वेळा काहीच कोसळत नाही, फक्त उत्तर चुकतं. आणि चुकलेलं उत्तर कुणाच्या लक्षात येईपर्यंत ते दहा ठिकाणी वापरलं गेलेलं असतं. म्हणून या फाइलींमधला चार ओळींचा पॅचसुद्धा (कोडमधला बदल) मी घाईत वाचत नाही.

वाचताना दोन प्रश्न सतत विचारावे लागतात. या क्षणी खरी मूल्यं कुठे आहेत, रजिस्टरांत की मेमरीत? आणि समोरचा आकडा कुणी दिलाय, कर्नलने, हार्डवेअरने की प्रोग्रॅमने? पुढे लिहिलेलं सगळं लिनक्सच्या एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरांसाठीच्या) कोडबद्दल आहे.

एकदा तपासलं की झालं, असं धरणं

लिनक्स ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, थ्रेड (प्रोग्रॅममधली स्वतंत्र चालणारी वाट) प्रोसेसरवर परत आला तरी त्याची फ्लोटिंग पॉइंट (दशांश आकड्यांची) रजिस्टरं लगेच भरली जात नाहीत. ‘भरायची बाकी आहेत’ असा झेंडा लावला जातो आणि प्रत्यक्ष काम यूजर मोडमध्ये, म्हणजे कर्नलमधून प्रोग्रॅमकडे, परतताना होतं. वेळ वाचतो, पण सिग्नलच्या कोडचं काम वाढतं. त्याला आधी कुलूप लावावं लागतं (मध्ये दुसरा थ्रेड येऊ नये म्हणून), झेंडा बघून गरज असेल तर रजिस्टरं भरावी लागतात, पेज फॉल्ट (मेमरीत नसलेलं पान, म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, मागितल्यावर येणारा अडथळा) हाताळणं बंद करावं लागतं आणि मग एक्ससेव्ह या रजिस्टरं मेमरीत उतरवणाऱ्या प्रोसेसरच्या सूचनेने थेट यूजरच्या स्टॅकवर लिहावं लागतं. स्टॅकचं पान मेमरीत नसेल तर लिहिणं फसतं. मग कुलूप सोडायचं, पान आणायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

धोका आहे तो या कुलूप सोडण्यात. तेवढ्या वेळात त्या प्रोसेसरवर दुसरा थ्रेड चालून गेलेला असू शकतो आणि रजिस्टरांत आता त्याचे आकडे असतात. म्हणून दुसऱ्या फेरीत ‘ही रजिस्टरं कुणाची?’ हे नव्याने विचारायलाच हवं. सी कोडमध्ये तसं विचारलेलं होतंही. पण मालक कोण हे सांगणारं व्हेरिएबल ज्या पद्धतीने वाचलं जात होतं, त्या पद्धतीने कंपायलरला (सी कोडचा मशीन कोड बनवणाऱ्या प्रोग्रॅमला) ‘हे मूल्य बदलत नाही’ असं सांगितलं जात होतं. जीसीसी ९ या कंपायलरने ते वाचन लूपच्या बाहेर नेलं आणि दुसऱ्या फेरीला पहिल्या फेरीचं शिळं उत्तर मिळू लागलं.

गो भाषेच्या १.१४ च्या पूर्वआवृत्त्यांत हे उघड झालं. त्या आवृत्तीत गोरूटीन (गोमधली थ्रेडसारखी हलकी कामं) थांबवायला सिग्नल वापरायला सुरुवात झाली होती, त्यामुळे सिग्नल सारखे येत आणि मेमरी बिघडल्यासारखी दिसे. रजिस्टरं चुकली तर मेमरी का बिघडावी? कारण मोठे डेटाचे तुकडे बहुधा व्हेक्टर रजिस्टरांतूनच (याच स्थितीचा भाग असलेल्या, अनेक आकडे एकत्र ठेवणाऱ्या) कॉपी होतात. सुरक्षा त्रुटींच्या सीव्हीई यादीत सीव्हीई-२०१९-१९६०२ म्हणून याची नोंद झाली. लिनक्स ५.४.२ मध्ये दुरुस्ती आली, ती म्हणजे ते व्हेरिएबल दर वेळी खरोखर वाचायचं, एवढीच. गोनेही बाधित कर्नलवर सिग्नल स्टॅकचं पान मेमरीत पक्कं धरून ठेवायचा उपाय केला.

तेव्हा ‘पुन्हा प्रयत्न कर’ असं लेबल दिसलं की थांबा. कुलूप सुटल्यावर कोणकोणत्या गोष्टी खऱ्या राहिल्याची खात्री उरत नाही ते लिहून काढा आणि प्रत्येक गोष्ट लेबलच्या खाली पुन्हा तपासली जातेय का ते बघा. शंका आलीच तर कंपायलरने तयार केलेली असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचनांची यादी) उघडा.

फ्रेममधल्या आकड्यावर विश्वास ठेवणं

हँडलर संपल्यावर परतीच्या वाटेवर फ्रेम यूजरच्या ताब्यात असते. तिच्यातला प्रत्येक बाइट प्रोग्रॅमने बदललेला असू शकतो.

फ्रेममधल्या ५१२ बाइटांच्या जुन्या एफएक्ससेव्ह भागातले (मूळ रजिस्टरांच्या नोंदीतले) शेवटचे ४८ बाइट सॉफ्टवेअरसाठी राखीव आहेत. कर्नल तिथे ओळखीचा आकडा, आकार वगैरे लिहून ठेवतो. सीव्हीई-२०२४-२६६०३ मध्ये घोटाळा याच आकाराचा होता. प्रोग्रॅमने तो खऱ्यापेक्षा लहान केला, तरी तो मर्यादेत बसत होता. फ्रेममधून रजिस्टरं भरणाऱ्या एक्सआरस्टॉर या सूचनेला मात्र तो आकडा माहीतच नसतो, ती आपल्या हिशेबाने पुढचंही वाचते. पुढचं पान गायब असेल तर फॉल्ट येतो. कर्नल लहान आकाराएवढीच पानं आणतो, ती मिळतात, म्हणून पुन्हा प्रयत्न करतो, आणि पुन्हा तोच फॉल्ट. हे लूप कधीच संपत नाही. दुरुस्तीत कर्नलने पानं आणताना स्वतःकडचा कमाल आकार वापरायला सुरुवात केली.

चुकीच्या वाटेवर काय होतं, हेही तितक्याच बारकाईने बघा. हेडरमधले (फ्रेममध्ये कोणते घटक आहेत ते सांगणाऱ्या भागातले) राखीव बिट लावले तर एक्सआरस्टॉर पेज फॉल्ट देत नाही, प्रोटेक्शन फॉल्ट देते. लिनक्स ४.१३.५ च्या आधी हे नीट हाताळलं जात नव्हतं. रजिस्टरं भरली जायची नाहीत आणि दुसऱ्या प्रोसेसची मूल्यं वाचता यायची (सीव्हीई-२०१७-१५५३७). भरणं फसलं की रजिस्टरं आरंभीच्या स्थितीत आणलीच पाहिजेत, आणि पुन्हा प्रयत्न फक्त पेज फॉल्टवरच व्हायला हवा.

आकार कायमचा ठरलेला समजणं

किमान सिग्नल स्टॅक म्हणून २०४८ बाइटांचा स्थिरांक वर्षानुवर्षं चालत आला. एव्हीएक्स-५१२ या रुंद व्हेक्टर रजिस्टरांची स्थितीच २६८८ बाइटांपर्यंत जाते आणि एएमएक्स या मॅट्रिक्स गणिताच्या सोयीतल्या टाइलांना (मोठ्या रजिस्टरांना) एकट्यांना ८१९२ बाइट लागतात. एक्स८६ वर लिनक्स ५.१४ पासून कर्नल खरा किमान आकार ऑक्झिलरी व्हेक्टरमधून (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला दिलेल्या यादीतून) सांगतो. पॅचमध्ये नवा घटक येत असेल तर पर्यायी स्टॅक (सिग्नलसाठी राखलेला वेगळा स्टॅक) ओसंडतोय का याची तपासणी त्याला धरून आहे ना, ते बघा.

आणखी एक. फ्रेम लिहिल्यावर कर्नल हेडरमध्ये एफपी (जुनी फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरं) आणि एसएसई (१६ बाइटांची व्हेक्टर रजिस्टरं) यांचे दोन बिट मुद्दाम लावतो. जुने प्रोग्रॅम हेडरला हात न लावता फक्त ही मूल्यं बदलतात, ती परतताना लागू व्हावीत म्हणून. साफसफाईच्या पॅचमध्ये ही ओळ फालतू समजून उडवू देऊ नका.

साधी चाचणी पास झाली म्हणून होकार देणं

साध्या चाचणीत स्टॅकचं पान मेमरीत असतंच, त्यामुळे अवघड वाट चालतच नाही. मी पर्यायी स्टॅक वेगळा मॅप करून घेतो आणि दर सिग्नलच्या आधी ते पान मॅडव्हाइज या सिस्टिम कॉलने टाकून देतो, म्हणजे फॉल्ट हमखास येतो. त्याच प्रोसेसरवर दुसरा थ्रेड बांधून त्याला वेगळ्या खुणेने (ओळखता येणाऱ्या आकड्याने) रजिस्टरं भरत ठेवतो. माझ्या खुणेत थ्रेडचा आणि फेरीचा क्रमांक असतो. भरणं, सिग्नल पाठवणं आणि पडताळणं हे तिन्ही एकाच असेंब्ली तुकड्यात ठेवतो, नाहीतर मधल्या मधे कंपायलर किंवा लायब्ररी तीच रजिस्टरं वापरून मोकळी होते.

खूण चुकली तर ती कशी चुकली यावरून पुढची दिशा मिळते. दुसऱ्या थ्रेडची खूण दिसली तर मालकीची तपासणी हुकलीय. आपलीच, पण आधीच्या फेरीची दिसली तर मेमरीतली शिळी प्रत भरली गेलीय. ३२ बाइटांच्या व्हेक्टर रजिस्टराचे खालचे १६ बाइट बरोबर आणि वरचा अर्धा भाग शून्य असेल तर फ्रेममधले ओळखीचे आकडे जुळले नाहीत आणि कर्नलने फक्त जुना ५१२ बाइटांचा भाग भरला, तेव्हा शोध फ्रेम लिहिणाऱ्या बाजूने सुरू करा.