वर्गातल्या आठवणी लिहिताना

शिक्षकाच्या आठवणींचे हस्तलिखित कोणी वाचायला दिले, की मी मधलेच एखादे पान उघडते आणि त्या पानावर एखाद्या मुलाच्या तोंडचे वाक्य आहे का, ते शोधते. पहिल्या पानावर बहुधा नेमणुकीची तारीख, पहिल्या मुख्याध्यापकांचा स्वभाव आणि त्या काळच्या अडचणी असतात आणि शेवटच्या पानावर निरोपसमारंभ असतो. पण अधल्यामधल्या शंभर पानांत एकही मूल स्वतःच्या शब्दांत बोलत नसेल, तर त्या लेखनात नोकरी सापडते, वर्ग सापडत नाही. ज्यांना आपल्या अध्यापनाच्या वर्षांविषयी लिहायचे आहे, त्यांनी ही एक कसोटी लिहायला बसण्यापूर्वीच मनाशी पक्की करावी, कारण पुढचे जवळपास सगळे निर्णय तिच्यावरूनच ठरतात.

सुरुवात लेखनाने न करता शोधाशोधीने करावी. जुन्या टाचणवह्या, वर्गाची छायाचित्रे, मुलांनी दिलेली भेटकार्डे, जपून ठेवलेली एखादी उत्तरपत्रिका किंवा निबंधाची वही असे जे काही घरात असेल ते एका जागी आणावे. जुना हजेरीपट पाहायला मिळाला, तर तो अवश्य पाहावा. एखाद्या नावापुढे सलग अकरा दिवस गैरहजेरी दिसली, की ते मूल का आले नव्हते, परत आले तेव्हा कुठल्या बाकावर बसले आणि आपण त्याला पहिले काय विचारले, हे वर्षानुवर्षे विसरलेले असूनही एकदम समोर उभे राहते. आठवण नुसती आठवू म्हटल्याने येत नाही. तिला धरायला काहीतरी वस्तू लागते.

जे अजून शिकवत आहेत त्यांचे काम यापेक्षा सोपे आहे, फक्त त्यांनी ते आजपासून करायला हवे. शाळा सुटल्यावर घरी निघण्यापूर्वी दहा मिनिटे बसून त्या दिवशी कानांवर पडलेले एकच वाक्य तारखेसह वहीत टिपावे, आणि ते मुलाने उच्चारले तसेच, व्याकरण न सुधारता टिपावे. रात्री घरी लिहू असे ठरवले, तर तोपर्यंत ते वाक्य आपल्या भाषेत बदललेले असते. व्हिव्हियन पेली या अमेरिकी बालवर्गशिक्षिका वर्गातले बोलणे ध्वनिमुद्रित करत आणि नंतर स्वतः ऐकून कागदावर उतरवत; त्यांच्या पुस्तकांतली पाच वर्षांची मुले इतकी खरी वाटतात, याचे कारण या कष्टात आहे. जॉन होल्ट या अमेरिकी शिक्षकाचे ‘हाउ चिल्ड्रन फेल’ हे १९६४ मध्ये आलेले पुस्तकसुद्धा मुळात पुस्तक म्हणून लिहिलेले नव्हते. पाचवीच्या वर्गात सहकारी शिक्षकासोबत काम करताना त्यांनी जी तारीखवार टिपणे लिहिली, त्यांतूनच ते उभे राहिले. म्हणून आज टिपलेली ओळ क्षुल्लक वाटली, तरी ती फाडून टाकू नये.

प्रसंग निवडताना वर्षाचा विचार न करता क्षणाचा करावा. ‘एक मुलगा गणितात फार कच्चा होता, मी त्याला मायेने समजावले आणि तो पुढे हुशार झाला,’ असे वाक्य जवळपास प्रत्येक हस्तलिखितात असते. माझ्या स्वतःच्या पहिल्या खर्ड्यातही ते होते. त्या वाक्यामागे प्रत्यक्षात जे घडले ते असे: मुलाने ५२ वजा १७ चे उत्तर ४५ लिहिले होते, आणि त्याच्या वहीतली त्या प्रकारची सगळी उदाहरणे अशीच चुकलेली होती. चार दिवस मी त्यांवर लाल फुल्या मारल्या. पाचव्या दिवशी मी त्याला उत्तर कसे काढलेस असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “बाई, दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून सातातून दोन घेतले.” दोनातून सात जात नाहीत, हे वाक्य माझेच होते, मीच ते फळ्याशी उभी राहून आठवडाभर म्हणत होते आणि त्याने ते मनापासून ऐकले होते. दशक सुटा करण्याची पुढची पायरी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. हा प्रसंग एवढ्या तपशिलाने लिहिला, तेव्हा तो कच्च्या मुलाचा न राहता माझ्या शिकवण्याचा झाला, आणि वाचणाऱ्या शिक्षकांनी नंतर आपापल्या वर्गातल्या फुल्यांविषयी मला लिहिले.

आठवणी प्रेरणादायी व्हाव्यात असे प्रत्येकाला वाटते, आणि त्यासाठी यशाच्या गोष्टी निवडल्या जातात. माझा अनुभव याच्या उलट आहे. वाचणारा शिक्षक बहुधा थकलेला असतो, त्याच दिवशी त्याचा एखादा तास फसलेला असतो, आणि सतत जिंकणाऱ्या शिक्षकाची कथा वाचून त्याला अधिकच एकटे वाटते. फ्रँक मकोर्ट यांनी न्यूयॉर्कच्या माध्यमिक शाळांत सुमारे तीन दशके शिकवले आणि २००५ साली त्यावर ‘टीचर मॅन’ लिहिले. पहिल्याच दिवशी वर्गात एका मुलाने सँडविच फेकले, तेव्हा काय करावे हे न सुचून त्यांनी ते उचलून खाल्ले, आणि त्याबद्दल वरिष्ठांची बोलणीही ऐकली. पुढे पालकांच्या नावाने येणाऱ्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्या मुलेच लिहितात हे त्यांच्या लक्षात आले. एरवी निबंधाला बसायला नकार देणारी मुले या चिठ्ठ्यांत किती कल्पकतेने लिहितात हे पाहून त्यांनी तशा चिठ्ठ्या लिहिणे हाच वर्गातला पाठ केला. हा पाठ आपल्याला पटतो, कारण त्याआधीचा गोंधळ लेखकाने लपवलेला नाही. आपणही प्रत्येक यशापूर्वीचा गोंधळ लिहून काढावा, आणि जिथे शेवटपर्यंत काहीच साधले नाही, असे एखादे मूल तरी पुस्तकात ठेवावे.

शिक्षणविषयक विचार मांडायचे असतील, तर ते प्रसंगाच्या पोटातून यावेत. न्यूझीलंडमध्ये माओरी या तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचे ‘टीचर’ हे १९६३ चे पुस्तक या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे. आज तुला कुठला शब्द हवा, असे त्या एकेका मुलाला विचारत आणि तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात देत. दुसऱ्या दिवशी जो शब्द मुलाला ओळखता आला नाही, तो त्याच्यासाठी महत्त्वाचा नव्हता असे समजून बाजूला काढला जाई. भीतीचे आणि प्रेमाचे शब्द मात्र मुले एका नजरेत लक्षात ठेवत. वाचनाची एक संपूर्ण पद्धत आपल्याला त्या कार्डांतून कळते.

रचनेबाबत फार काळजी करू नये. सगळी तीस वर्षे क्रमाने सांगण्याऐवजी एकाच वर्गाचे एकच वर्ष घेतले, तर पहिल्या दिवसापासून निकालापर्यंतचा आराखडा आयताच मिळतो. गुजरातमधले शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातही एका शिक्षकाने चौथीच्या वर्गावर केलेला वर्षभराचा प्रयोगच आहे. तो शिक्षक मात्र कल्पित आहे. आपण दोन मुलांचे मिळून एक पात्र केले असेल किंवा वेगवेगळ्या वर्षांचे प्रसंग एकत्र आणले असतील, तर तेवढे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे.

मुलांच्या खासगीपणाचा प्रश्न मात्र सवडीने विचार करण्यासारखा आहे. केवळ नाव बदलून भागत नाही. वर्ष, भावंडे, घरचा व्यवसाय, शारीरिक खूण यांवरून ओळखीचे लोक मूल ताबडतोब ओळखतात. त्यामुळे प्रसंगाच्या अर्थाला धक्का न लागता यांतले जे तपशील बदलता येतील ते बदलावेत. आता मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याला गाठून मजकूर दाखवता आला, तर उत्तम. घरातली मारहाण, आजार, आईवडिलांचे भांडण असे काही मुलाने विश्वासाने सांगितले असेल, तर ते त्याच्या परवानगीशिवाय लिहूच नये, मग त्यावाचून प्रकरण कितीही फिके पडो. ते त्याने लेखकाला सांगितलेले नव्हते, आपल्या बाईंना किंवा सरांना सांगितले होते.

दुसऱ्या खर्ड्यात विशेषणे कमी करावीत. ‘निरागस’, ‘गोंडस’, ‘चुणचुणीत’ हे शब्द जिथे येतील, तिथे थांबून ते मूल नेमके काय करत होते ते लिहावे.

हे सगळे झाल्यावर मजकूर त्या वर्गात प्रत्यक्ष बसलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्यावा आणि एवढेच विचारावे, की तुला हे कसे आठवते. वजाबाकीचा तो प्रसंग मी त्याच विद्यार्थ्याला पाठवला होता. मी लिहिले होते, की त्याचे उत्तर ऐकून मी त्याच्याशेजारी बाकावर बसले आणि आम्ही दोघांनी ते उदाहरण पुन्हा सोडवले. त्याने कळवले, की बाकावर बसलात ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी तुम्ही वही मिटून माझ्या हातात दिलीत आणि काही न बोलता फळ्याकडे वळलात, आणि मला रात्रभर वाटत राहिले, की मी काहीतरी वाईट बोललो. मी माझा परिच्छेद होता तसा ठेवला आणि त्याच्याखाली त्याची ओळ त्याच्या संमतीने जशीच्या तशी छापली.